वृत्ताचा धडा आणि नाण्यांचे गणित एकत्र शिकवा : अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके ठरवणाऱ्या मराठी आणि गणित विषय समित्यांचे सर्व सदस्य

विषय : वृत्तांचे प्रकरण आणि मोजणीचे गणित यांचा सामाईक घटक करण्याबाबत

सस्नेह नमस्कार,

मुलांच्या दप्तरात एकच गोष्ट दोन पुस्तकांत दोन नावांनी बसलेली आहे. मराठी व्याकरणात लघु-गुरूंचे, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचे, तीन-तीनांचे आठ गण आहेत. दहावीच्या बीजगणितात, संभाव्यतेच्या प्रकरणात, तीन नाणी फेकल्यावर मिळणाऱ्या आठ निष्पत्ती आहेत. छाप्याच्या जागी गुरू आणि काट्याच्या जागी लघू लिहिला की तो नमुना अवकाश म्हणजेच य, म, त, र, ज, भ, न, स. मराठीच्या तासाला हे कोणी सांगत नाही, कारण नाणी त्या विषयात येत नाहीत. गणिताच्या तासालाही नाही, कारण गण त्या विषयात येत नाहीत. आम्ही दोन्ही बाजूंची शिकवणारी मंडळी हे पत्र मिळून लिहीत आहोत. मागणी एवढीच, की दोन्ही विषयांच्या वाट्यातून प्रत्येकी दोन अशा चार तासिका काढून एक सामाईक घटक करावा. तो कसा करता येईल आणि कुठे घसरेल, तेही खाली लिहिले आहे.

साहित्य आणि विज्ञान यांच्या नात्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा विज्ञानकथेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खरे तर आपल्याकडे हे नाते फार जुने आहे. इथे कवितेनेच गणिताला प्रश्न घातला: ठरावीक अक्षरांची ओळ असेल तर लघु-गुरूंच्या मांडण्या एकूण किती? हा प्रश्न पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. या ग्रंथाचा काळ साधारणपणे इ.स.पू. तिसरे ते दुसरे शतक मानला जातो. ग्रंथाचे अध्याय आठ, आणि मोजणीचा भाग आठव्याच्या शेवटी. तिथले एक सूत्र आहे 'वसवस्त्रिकाः'. म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट 'वसू' आहेत. वसू आठ, म्हणून गट आठ. एका शब्दात गणिताचे उत्तरही आले आणि आकड्याऐवजी देवगणांचे नाव वापरायची पद्धतही आली. मराठीच्या तासासाठी यापेक्षा चांगली सुरुवात आम्हाला सुचत नाही.

आता मुलांचे नेमके कुठे चुकते ते पाहा. तीन नाण्यांच्या निष्पत्ती लिहायला सांगितल्या की मुले आठवतील तशा लिहितात. सातवर येऊन थांबतात, किंवा एखादी दोनदा लिहून आठ भरून काढतात. चार नाणी दिली, की सोळा पूर्ण करणारी मुले वर्गात थोडीच निघतात. त्यांना उदाहरण कळलेले असते, फक्त यादी करण्याचा नियम हाताशी नसतो. तो नियम छंदशास्त्रात आहे आणि त्याचे नाव प्रस्तार. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात तो सोप्या रूपात मिळतो. पहिली ओळ सगळी गुरूंची लिहायची. पुढची ओळ करताना वरच्या ओळीत डावीकडून पहिला गुरू शोधायचा आणि त्याच्याखाली लघू लिहायचा. त्याच्या उजवीकडे जे असेल ते जसेच्या तसे खाली उतरवायचे. डावीकडे जागा उरली असेल तर ती गुरूंनी भरायची. सगळे लघू आले की थांबायचे.

तीन अक्षरांसाठी ओळी अशा येतात: गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. म्हणजे क्रमाने म, य, र, स, त, ज, भ, न. यात एकच चूक वारंवार होते: डावीकडच्या रिकाम्या जागेत मुले गुरू न भरता वरचेच उतरवतात. पाचवी ओळ लिहिताना हे हमखास घडते. वर 'ललग' आहे, पहिला गुरू तिसऱ्या जागी आहे, त्याखाली लघू लिहिला, आणि डावीकडचे दोन लघू तसेच उतरले. मग पाचव्या ओळीतच 'ललल' येते आणि यादी संपली असे वाटते. तीन ओळी कुठे गेल्या हे शोधायला लावले की नियम कायमचा बसतो. आमच्या मते ही चूक फळ्यावर मुद्दाम करून दाखवावी.

प्रस्ताराच्या पुढच्या दोन पायऱ्या म्हणजे नष्ट आणि उद्दिष्ट. शाळेत आज यांचे नावही निघत नाही आणि खरी गंमत तर इथेच आहे.

समजा यादी पुसली गेली. सहाव्या ओळीत काय होते? हे नष्ट. सहा सम आहे, म्हणून लघू लिहा आणि निम्मे करा: तीन. तीन विषम, म्हणून गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मे करा: दोन. दोन सम, लघू. मिळाले लगल, म्हणजे ज गण. यादी न लिहिता तिच्यातली हवी ती ओळ बाहेर काढता आली. उद्दिष्ट याच्या उलट: ओळ समोर आहे, तिचा क्रमांक हवा. अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे आकडे लिहा, लघूंवरच्या आकड्यांची बेरीज करा आणि एक मिळवा. लगलसाठी १ अधिक ४ अधिक १, म्हणजे ६. शेवटचा एक मिळवायला मुले विसरतात, कारण तो कशासाठी हे त्यांना सांगितलेले नसते. सगळे गुरू असलेल्या ओळीत लघूंची बेरीज शून्य येते, पण तिचा क्रमांक तर पहिला आहे. यादी एकपासून मोजली जाते, म्हणून तो एक.

आता हे मराठी कवितेवर लावू. मनाच्या श्लोकांची पहिली ओळ महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या कानावरून गेलेली असते: 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा'. गण पाडले तर गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. चारही वेळा लगग, म्हणजे य य य य, भुजंगप्रयात. बारा अक्षरे, म्हणून एकूण मांडण्या ४,०९६. लघू पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागी आहेत. त्यांवरचे आकडे १, ८, ६४, ५१२. बेरीज ५८५, आणि एक मिळवून ५८६. समर्थांची ही ओळ बारा अक्षरी प्रस्तारातली ५८६वी आहे. वृत्ताला नाव असते तसा क्रमांकही असतो, आणि तो पाठ करावा लागत नाही, काढता येतो.

इथे मराठीच्या शिक्षकाचे काम गणितापेक्षा अवघड आहे, हे गणिताच्या समितीने लक्षात घ्यावे. लघू कोणता आणि गुरू कोणता हे आधी ठरले नाही तर पुढचे सगळे आकडे वाया. 'सर्वां' मधला स ऱ्हस्व असून गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. पण 'तुम्ही' मधला तु लघूच राहतो, कारण म्हचा आघात मागे येत नाही. 'दुसऱ्या' मधला स, 'कुऱ्हाड' मधला कु तसेच. अनुस्वाराचेही असेच आहे. हंस पक्ष्यातला हं गुरू, पण जुन्या छपाईत 'हंसणें' असे लिहिलेले असले तरी तो अनुस्वार उच्चारात नाही, म्हणून तिथला ह लघू. ओळीच्या शेवटचा लघू गुरू धरण्याची सवलत असते. हे चार नियम कानाने शिकवावेत, डोळ्याने नव्हे. वहीत नुसत्या खुणा करणारी मुले 'तुम्ही' वर दर वेळी चुकतात, टाळी वाजवून म्हणणारी चुकत नाहीत.

गण लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. काही पुस्तकांत त्याच्या जोडीला यमाचा, राधिका, जनास, भास्कर असे शब्द देतात. ते दिले की मूळ सूत्रातली करामत झाकली जाते. या सूत्रात अक्षरे दहा. कुठल्याही अक्षरापासून सलग तीन घ्या, त्या अक्षराचा गण मिळतो: यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगं. आठ खिडक्या आणि आठ वेगळे गण, एकही पुन्हा नाही. शिवाय शेवटची दोन अक्षरे, ल आणि गं, यांची लघु-गुरू जोडी पहिल्या दोन अक्षरांसारखीच आहे. ती दोन काढून उरलेली आठ अक्षरे बांगडीसारखी गोल जोडली तरी आठही गण मिळतात. याहून लहान बांगडीत आठ गण मावणारच नाहीत, कारण प्रत्येक गणाला सुरुवातीची एक जागा लागते. वर्गात आठ मुलांना गोल बसवून, हात वर म्हणजे गुरू आणि हात खाली म्हणजे लघू, असे हे दहा मिनिटांत होते.

एकूण मांडण्या किती हे काढायला मुले दोनाला दोनाने गुणत राहतात. पिंगलाने इथे वाट वाचवली आहे. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरे घ्या. संख्या विषम असेल तर एक वजा करून 'शून्य' अशी खूण करायची, सम असेल तर निम्मे करून 'दोन' अशी खूण. १९चे १८, शून्य. १८चे ९, दोन. ९चे ८, शून्य. मग ४, २, १ असे तीनदा दोन. शेवटी १चे काही उरत नाही, शून्य. आता खुणा उलट्या क्रमाने वाचायच्या. एकापासून सुरुवात, शून्य आले की दुप्पट आणि दोन आले की वर्ग: २, ४, १६, २५६, ५१२, २,६२,१४४, ५,२४,२८८. एकोणीस वेळा दुप्पट करण्याऐवजी सात पायऱ्या. मोठे घातांक काढायला संगणकाच्या आज्ञावल्यांत आजही हीच युक्ती वापरतात. आणि त्या सव्वापाच लाख मांडण्यांत शार्दूलविक्रीडित कितवे, तर १,४९,३३७वे. पडताळून पाहावे. लघू चौथ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, दहाव्या, अकराव्या, पंधराव्या आणि अठराव्या जागी आहेत.

इथपर्यंत अक्षरगणवृत्ते झाली. मात्रावृत्तांकडे, म्हणजे अक्षरांऐवजी मात्रा मोजणाऱ्या वृत्तांकडे, वळले की गणित बदलते आणि बहुतेक पुस्तके ही पायरी गाळतात. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. सहा मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरेल? शेवटी लघू असेल तर आधीच्या पाच मात्रा कशाही भरा, शेवटी गुरू असेल तर आधीच्या चार. म्हणून सहाचे उत्तर म्हणजे पाचचे आणि चारचे मिळून. १, २, ३, ५, ८, १३, २१. पुढच्या वर्गांत हीच ओळ फिबोनाचीच्या नावाने आणि सशांच्या जोड्यांच्या गोष्टीतून भेटते. त्याचा ग्रंथ १२०२चा. प्राकृत छंदांवर लिहिणारा विरहांक त्याच्या कित्येक शतके आधीचा, आणि गुजरातेत हेमचंद्राने ११५०च्या सुमारास हाच नियम स्पष्ट सांगितला आहे. सशांची गोष्ट जरूर ठेवावी, पण मराठी मुलाला ती ओळ आर्येतून जास्त लवकर कळेल.

हे करून दाखवायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात. लघूची २ सेंटिमीटर, गुरूची ४. सहा मात्रांसाठी १२ सेंटिमीटरची चौकट आखायची. चौघांच्या गटाला ३८ लघु पट्ट्या आणि २० गुरु पट्ट्या द्याव्यात. हा आकडा अंदाजाचा नाही, तेराही मांडण्या एकाखाली एक ठेवायला तेवढ्याच लागतात. कमी दिल्या की मुले आधीची मांडणी मोडून पुढची करतात, कोणती झाली आणि कोणती राहिली ते विसरतात, आणि अकरा-बारावर हात वर करतात.

आता आर्या. मराठीत एक जुना श्लोक सगळ्यांना ठाऊक आहे:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंतांची ॥

मात्रा मोजा. पहिल्या ओळीत १२ आणि १८, दुसऱ्या ओळीतही १२ आणि १८. शुद्ध आर्येत दुसऱ्या ओळीच्या उत्तरार्धात १५ मात्रा हव्यात. म्हणजे आर्येचे नाव घेणारा हा श्लोक स्वतः गीती आहे! मोरोपंतांच्या ज्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतो तिच्यातही मोठा वाटा गीतीचाच. हा गमतीचा भाग झाला. कामाचा भाग असा, की गीतीची ओळ चार-चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू अशी असते. चार मात्रांचे गण पाचच: गग, ललग, लगल, गलल, लललल. विषम जागी लगल चालत नाही, म्हणून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या जागी चारच पर्याय. दुसऱ्या आणि चौथ्या जागी पाचही. सहाव्या जागी फक्त दोन, लगल किंवा लललल. गुणाकार करा: ४ × ५ × ४ × ५ × ४ × २ × ४, म्हणजे १२,८००. दोन ओळींचे १२,८०० × १२,८००, म्हणजे १६,३८,४०,०००. शुद्ध आर्येत दुसऱ्या ओळीच्या सहाव्या जागी एकच लघू येतो, म्हणून ती ओळ ६,४०० तऱ्हांची आणि अख्खी आर्या ८,१९,२०,००० तऱ्हांची.

वरच्या श्लोकात सहावा गण कोणता ते आता मुलांना शोधू द्यावे. पहिल्या ओळीत 'प्रसिद्ध', दुसऱ्यात 'मयूर'. दोन्ही लगल. मोरोपंतांच्या नावातला 'मयूर' त्या जागी असा बसतो, की 'मोरोपंत' म्हटले असते तर ओळ मोडली असती. गुणाकाराचे तत्त्व शिकवायला शर्ट-पँटच्या जोड्यांचे उदाहरण देतात, ते चुकीचे नाही. पण तिथे कुठल्याही शर्टावर कुठलीही पँट चालते. इथे जागेनुसार पर्याय बदलतात, आणि तत्त्व नेमके तेव्हाच कळते.

प्रश्न कवितेतून निघाला तरी तिथे थांबला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचे उदाहरण आहे: एक गुरू असलेल्या मांडण्या ६, दोन गुरूंच्या १५, मग २०, १५, ६, १. त्याच प्रकरणात पुढे आठ झरोक्यांचा वाडा येतो आणि सहा रसांचे मिश्रण येते, उत्तर ६३. त्याच्या कितीतरी आधी वराहमिहिराने सोळा सुगंधी द्रव्यांतून चार निवडण्याच्या तऱ्हा १,८२० दिल्या होत्या. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावर टीका लिहिताना हेच आकडे मेरूच्या आकारात मांडले, त्याला आपण पास्कलचा त्रिकोण म्हणतो. आणि तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात सात स्वरांच्या ५,०४० तानांना नष्ट आणि उद्दिष्टाचे गणित लावले. त्याच सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात, शके ११२८ मध्ये, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. सहल काढायचीच असेल तर मराठी, गणित आणि इतिहास अशा तिन्ही शिक्षकांनी मिळून तिथे काढावी.

दुसरी बाजूही घटकात यायला हवी. गणितच पद्यात लिहिले गेले, तेव्हा पद्याने काय सांभाळले आणि काय झाकले? लीलावतीतला परिघाचा नियम घ्या: 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः स सूक्ष्मः'. भ म्हणजे नक्षत्रे २७, नंद ९, अग्नी ३. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे: ३९२७. ख म्हणजे आकाश, शून्य, बाण ५, सूर्य १२: म्हणजे १२५०. व्यासाला ३९२७ने गुणून १२५०ने भागा. भागाकार ३.१४१६.

वृत्त तपासा. पहिला चरण गगल गगल लगल गग, इंद्रवज्रा. दुसरा लगल गगल लगल गग, उपेंद्रवज्रा. दोन्ही अकरा अक्षरी. आता समजा नक्कल करणाऱ्याच्या हातून 'ख' सुटला. संख्या १२५ झाली, परीघ दहापट फुगला. पण ओळही दहा अक्षरांची झाली, आणि म्हणणाऱ्याला ती लगेच अडखळते. 'अग्नि' काढून तीनच आकड्याचा 'राम' घातला तरी ओळ मोडते. म्हणजे वृत्त हा इथे पहारेकरी आहे. तरी त्याला चकवता येते. 'बाण'च्या जागी कोणी 'वेद' लिहिले तर? दोन्ही शब्द गुरू-लघू. 'खवेदसूर्यैः' कानाला निर्दोष लागते, आणि भाजक १२४० होतो, उत्तर ३.१६७च्या घरात. वृत्ताला ही चूक दिसत नाही, ती गणित करणाऱ्यालाच दिसते. आज आकडा पाठवताना शेवटी एक तपासणी अंक जोडतात, त्याच्याही पहाऱ्याला अशाच मर्यादा असतात.

शब्दांकांचा, म्हणजे आकड्यांऐवजी वापरलेल्या अशा शब्दांचा, दुसरा धोका म्हणजे एका शब्दाचे दोन आकडे. समुद्र कुठे चार तर कुठे सात. रंध्र कुठे शून्य तर कुठे नऊ. लोक तीन, सात किंवा चौदा. म्हणून मुलांना शब्दांकांचा तक्ता पाठ करायला देऊ नये. समोरचे गणित करून कोणता आकडा बसतो हे ठरवायला लावावे. भास्कराचार्यांचा जन्मशक यासाठी सोपा आहे: 'रसगुणपूर्णमही'. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, उलट वाचून शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इ.स. १११४. इथे मुले आकडे सरळ वाचून ६३०१ काढतात आणि आपण अजून त्या शकात पोचलेलो नाही हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पद्याने झाकले ते कारण. श्लोकात नियम मावतो, उपपत्ती मावत नाही. ती गद्य टीकांमध्ये सापडते, आणि त्यातली एक मोठी टीका कोकणातली आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहिली आणि नियमांची कारणे दिली. पुस्तकात श्लोक छापायचा तर त्याच्या खाली कारण छापावे. श्लोक एकटा छापला की तो सुभाषित होऊन भिंतीवर जातो.

अशा धड्यांत उत्साहाच्या भरात भलतेच छापले जाते, म्हणून तीन सूचना. पिंगलाने संगणक शोधला, असे वाक्य नको. त्याच्याकडे दोन चिन्हांच्या मांडण्यांची व्यवस्था होती, दोन अंकांनी संख्या लिहिण्याची नव्हती. त्याच्या सूत्रातले 'शून्य' ही खूण आहे, तिला अंकातल्या शून्याचा शोध म्हणू नये. आणि 'गोपीभाग्य' या शब्दाने सुरू होणारा, ज्यात पायचे तीसएक अंक लपले आहेत असे सांगतात तो श्लोक वैदिक म्हणून छापू नये. तो अक्षरांना आकडे देणाऱ्या कटपयादी पद्धतीचा आहे, वेदातला नाही.

तासिकांची विभागणी आमच्या मते अशी जमते. पहिली मराठीची, लघु-गुरू कानाने. दुसरी गणिताची, प्रस्तार आणि तीन-चार नाणी. तिसरी पुन्हा मराठीची, पट्ट्या आणि गीती. चौथी दोघांची मिळून, नष्ट आणि उद्दिष्ट. दोन शिक्षक एका वर्गात उभे राहू शकत नसतील तर चौथी गणिताच्या शिक्षकाने घ्यावी, पण गण पाडलेली ओळ मराठीच्या शिक्षकाकडून आधी तपासून घ्यावी. तासिकांची अदलाबदल वेळापत्रकात छापून आली पाहिजे. 'शिक्षकांनी समन्वय साधावा' एवढेच लिहिले तर काहीही होणार नाही, हे आपणही जाणता.

परीक्षेत 'गण पाडून वृत्त ओळखा' हा प्रश्न राहू द्या, पण त्याच्या पोटात एक उपप्रश्न घाला. उदाहरणार्थ, मंदाक्रांतेचे गण म भ न त त ग ग दिले असता १७ अक्षरी प्रस्तारातला तिचा क्रमांक काढा, गुण ३. उत्तर १८,९२९. परीक्षकाला नमुना उत्तरासोबत एवढे कळवावे: १८,९२८ आले तर शेवटचा एक मिळवायचा राहिला, अर्धा गुण कापावा. ७,९७३ आले तर दुपटीचे आकडे उजवीकडून लिहिले गेले, पद्धत कळली आहे, दोन गुण द्यावेत. १,१२,१४४ आले तर लघूंऐवजी गुरूंची बेरीज झाली, तिथे दीड. याखेरीज दुसरे काही आले तर आधी गण पाडताना चूक झाली आहे का ते पाहावे, आणि ते मराठीच्या परीक्षकाने पाहावे.

आपले,
मराठी आणि गणित शिकवणारे काही शिक्षक